रक्तवाहिनीचे अस्तर आणि बदनाम ऑक्सिजन

शरीरातील ऑक्सिजनविषयी हल्ली दोन अगदी उलट गोष्टी आपल्या कानावर पडतात. ऑक्सिजनशिवाय माणूस काही मिनिटेही जगत नाही, हे कोरोनाच्या काळात सिलिंडरसाठी रात्री-अपरात्री वणवण केलेल्या घरांना कोणी सांगायला नको. दुसरीकडे औषधाच्या दुकानात, टीव्हीच्या जाहिरातीत आणि ओळखीपाळखीने घरोघरी विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर लिहिलेले असते की, याच ऑक्सिजनपासून शरीरात 'फ्री रॅडिकल्स' नावाचे घातक पदार्थ तयार होतात, ते पेशींना गंज चढवतात, नसा खराब करतात, म्हणून त्यांचा नायनाट करणारे 'अँटीऑक्सिडंट' रोज घ्या. या दुसऱ्या गोष्टीत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे बाटलीवर छापलेले नसते. ते ठाऊक नसले की पैसा तर जातोच, कधी कधी जिवावरही बेतते.

आमच्या नात्यातील एक खाला बारा वर्षे रोज सकाळी रक्तदाबाची एक छोटी गोळी घेत होत्या. ओळखीच्या एका बाईंनी त्यांना दोन हजारांची बाटली आणून दिली आणि सांगितले, "गोळीने नुसता आकडा कमी होतो. हा रस घेतलात तर नसा आतून साफ होतील." खालांनी गोळी बंद केली. दीड महिन्याने चक्कर येऊन पडल्या, तेव्हा वरचा रक्तदाब दोनशेच्या पुढे गेला होता. अल्लाहचा शुक्र, त्या सावरल्या. पण नसा आतून साफ होणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आमच्या डोक्यात बसला. आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. विज्ञानाच्या सहकाऱ्यांना छळून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

मराठी शाळेत जिला धमनी म्हणतात, तिलाच उर्दू शाळेच्या पुस्तकात शिरयान म्हणतात. शब्द दोन, नळी एकच. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो, अवघ्या एका पेशीच्या जाडीचा. डॉक्टर मंडळी त्याला एंडोथेलियम म्हणतात. आम्हाला त्यासाठी 'अस्तर' हा शब्द पुरेसा वाटतो. फारसीतून आलेला हा शब्द मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत सारखाच नांदतो. सगळ्यात बारीक केशवाहिन्या तर जवळजवळ निव्वळ या अस्तराच्याच बनलेल्या असतात. शेरवानीचे अस्तर बाहेरून दिसत नाही, पण ते उसवले की शेरवानी अंगावर नीट बसत नाही. फरक एवढाच की, शेरवानीचे अस्तर मुके असते आणि रक्तवाहिनीचे अस्तर दिवसरात्र बोलत असते. भोवतालच्या स्नायूंना ते सांगते, आता सैल व्हा, रक्त जास्त जाऊ द्या. रक्तातील पांढऱ्या पेशींना सांगते, इथे थांबा, इथे जंतू आहेत. जखम झाली की नव्या केशवाहिन्या फुटण्याचा हुकूमही इथूनच निघतो.

हे अस्तर बोलते, हेच मुळी १९८० पर्यंत कोणाला नीट माहीत नव्हते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील वैद्यकीय विद्यापीठात रॉबर्ट फर्चगॉट नावाचे शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यांवर औषधांचे प्रयोग करीत. एक कोडे त्यांना सतावत होते. अॅसिटिलकोलिन हा पदार्थ जिवंत प्राण्याला टोचला की रक्तवाहिन्या सैल होत, पण कापलेल्या पट्टीवर टाकला की पट्टी उलट आकसे. १९७८ साली त्यांच्या सहायकाकडून प्रयोगाच्या क्रमात गफलत झाली आणि पट्टी चक्क सैल पडली. शोध घेता लक्षात आले की, आतापर्यंत पट्ट्या कापताना आतली बाजू नकळत घासली जात होती आणि अस्तर खरवडले जात होते. अस्तर शाबूत असले तरच पट्टी सैल पडते. मग त्यांनी अस्तर असलेली एक पट्टी आणि अस्तर नसलेली दुसरी पट्टी समोरासमोर चिकटवून ठेवल्या. पहिलीच्या अस्तरातून काहीतरी झिरपले आणि दुसरीही सैल झाली. म्हणजे अस्तर कसला तरी निरोप पाठवत होते.

तो निरोप्या कोण, यावर पुढची काही वर्षे जगभर शोध चालला. १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी वेगवेगळा विचार करून एकच नाव सुचवले, आणि १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने ते प्रयोगाने दाखवून दिले. निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साईड नावाचा एक साधा वायू! एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन, बस्स. तो काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात स्नायूपर्यंत पोहोचून त्याला सैल करतो. फेरिद मुराद यांनी १९७७ मध्येच दाखवले होते की हृदयरोग्यांना दिले जाणारे नायट्रोग्लिसरीन हाच वायू सोडून काम करते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची जी गोळी अनेक घरांत अब्बांच्या खिशात असते, तिचे काम याच मार्गाने चालते. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गंमत पाहा. रसायनशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे हा नायट्रिक ऑक्साईड स्वतःच एक फ्री रॅडिकल आहे. ज्याच्या कणात एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना एकटा उरलेला असतो, त्याला फ्री रॅडिकल म्हणतात, आणि याच्याकडे असा एकटा इलेक्ट्रॉन आहे. म्हणजे "सगळे फ्री रॅडिकल्स मारून टाका" हा हुकूम अक्षरशः पाळला गेला, तर सर्वांत आधी आपल्या रक्तवाहिन्याच आवळल्या जातील.

ऑक्सिजनची बदनामी मात्र उगाच झालेली नाही. श्वासातून आलेला ऑक्सिजनचा रेणू पेशीत चार इलेक्ट्रॉन घेतो आणि शेवटी त्याचे पाणी होते. हा व्यवहार बहुतेक वेळा सुरळीत पार पडतो. पण कधी ऑक्सिजनच्या हाती एकच इलेक्ट्रॉन लागतो आणि तयार होतो सुपरऑक्साईड, फार तापट स्वभावाचा. दोन लागले तर हायड्रोजन पेरॉक्साईड, जो औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळतो. हा फ्री रॅडिकल नाही, पण कुळ तेच. या सगळ्या कुटुंबाला क्रियाशील ऑक्सिजन म्हणतात. १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या रेबेका गर्शमन यांनी मांडले की, जास्त ऑक्सिजनने होणारी इजा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा यांच्या मुळाशी हेच रॅडिकल्स आहेत. १९५६ मध्ये अमेरिकेच्या डेनम हार्मन यांनी म्हातारपणाचे खापरही त्यांच्यावर फोडले. आणि १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना पेशींमधील एक विकर सापडले, ज्याचे काम सुपरऑक्साईडचा निचरा करण्याचे. त्यामुळे समज पक्का झाला की, शरीर ज्याला हटवण्यासाठी खास यंत्रणा ठेवते, ते विषच असणार.

आमच्या शाळेतील विज्ञानाच्या बाई मुलांना बटाट्याचा प्रयोग दाखवतात. बटाट्याच्या ताज्या कापावर हायड्रोजन पेरॉक्साईडचे थेंब टाकले की फसफसून फेस येतो. बटाट्यातील कॅटलेज नावाचे विकर त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. हेच विकर आपल्या रक्तातही आहे, म्हणून जखमेवरही तसाच फेस येतो. एका मुलीने विचारले होते, "बाई, बटाट्यात पेरॉक्साईड नसते, तर त्याला ते मोडायचे यंत्र कशाला?" प्रश्न लाखमोलाचा. उत्तर असे की, बटाट्यातही ते असते, आपल्यातही असते, जिथे श्वसन आहे तिथे ते आहेच. फक्त दुकानातल्या बाटलीच्या मानाने लाखो-कोट्यवधी पटींनी कमी. आणि इतक्या कमी प्रमाणात ते निरोप पोहोचवण्याचे काम करते.

कसे ते सांगतो. अस्तरातील पेशीच्या पृष्ठभागावर कड्या बसवलेल्या दारासारखी प्रथिने असतात. बाहेरून एखादा निरोप येतो, समजा जखमेजवळून आला की इथे नवी केशवाहिनी हवी. दारावर थाप पडते, पेशीच्या आत निरोप पुढे सरकू लागतो. पण पेशीत अशी काही प्रथिनेही असतात ज्यांचे कामच मुळी निरोप पुसून टाकणे. वर्गात एक मूल फळ्यावर लिहीत आहे आणि दुसरे मागोमाग डस्टर फिरवत आहे, तसे. लिहिलेले वाचले जायचे असेल तर डस्टरवाल्याचा हात क्षणभर धरावा लागतो. हे काम पेरॉक्साईड करते. पुसणाऱ्या प्रथिनात गंधकाचा एक अणू नेमक्या जागी बसलेला असतो. पेरॉक्साईड त्या गंधकाला ऑक्सिजन चिकटवते आणि पुसणे थांबते. निरोप वाचून झाला की पेशीतील दुसरी यंत्रणा तो ऑक्सिजन काढून घेते, डस्टर पुन्हा सुरू होते. गंज चढला तर तो उतरत नाही. इथे मात्र सगळा मामला दिव्याच्या बटणासारखा आहे, चालू आणि बंद.

१९९५ मध्ये अमेरिकेत याचा एक स्पष्ट पुरावा मिळाला. अस्तराच्या खाली असलेल्या स्नायूपेशींना वाढीचा निरोप देणारा पदार्थ दिला की त्यांच्यात थोडा वेळ पेरॉक्साईड वाढते, असे दिसले. मग शास्त्रज्ञांनी त्याच पेशींमध्ये कॅटलेज, म्हणजे आपले बटाट्याचे विकर, वाढवले. पेरॉक्साईड मोडले गेले आणि निरोपही अडला. २००० साली जपानच्या क्युशू विद्यापीठातील शिमोकावा यांच्या गटाला उंदरांच्या बारीक धमन्यांत आणखी नवल दिसले. नायट्रिक ऑक्साईडचे काम बंद पाडले तरी अस्तर धमनीला सैल करतच होते, आणि तो दुसरा निरोप्या होता हायड्रोजन पेरॉक्साईड. पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयरुग्णांच्या काढलेल्या ऊतीतील सूक्ष्म धमन्या तपासल्या, तेव्हा रक्तप्रवाह वाढला की त्याही पेरॉक्साईडच्याच मदतीने रुंदावत असल्याचे आढळले. घरातला कमावता मुलगा आजारी पडावा आणि ज्याला सारे नालायक म्हणत होते त्याने संसार ओढावा, तसे हे झाले.

अस्तर हे पदार्थ चुकून सांडत नाही. त्यासाठी पेशीत खास विकरे आहेत, त्यांना थोडक्यात 'नॉक्स' म्हणतात. पांढऱ्या पेशींतील नॉक्स जंतू मारण्यासाठी क्रियाशील ऑक्सिजन फवारते. काही बाळे जन्मतःच ते विकर बिघडलेले घेऊन येतात, आणि त्या बाळांना वारंवार भयंकर संसर्ग होतात. अस्तरातील नॉक्स फवारत नाही, चिमूटभर सोडते. त्यातही प्रकार आहेत. 'नॉक्स-४' मुख्यतः पेरॉक्साईड तयार करते, आणि ते काढून टाकलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांची तब्येत सुधारण्याऐवजी बिघडलेली दिसली.

मग बिघडते कुठे? चिमटीऐवजी ओंजळ पडू लागते तिथे, आणि विशेषतः सुपरऑक्साईड वाढते तिथे. सुपरऑक्साईड आणि नायट्रिक ऑक्साईड समोरासमोर आले की एकमेकांवर इतक्या वेगाने झडप घालतात की, सुपरऑक्साईडचा निचरा करणारे विकरही त्या शर्यतीत मागे पडते. दोघांच्या मिलनातून पेरॉक्सिनायट्राइट नावाचा खरोखर विध्वंसक पदार्थ निघतो. नुकसान दुहेरी होते. सैल व्हा असे सांगणारा निरोप्या वाटेतच मारला गेला, आणि त्याच्या जागी मारेकरी आला. हा मारेकरी पुढे नायट्रिक ऑक्साईड बनवणाऱ्या विकराचा एक साहाय्यक पदार्थ नासवतो, आणि मग ते विकर नायट्रिक ऑक्साईड सोडून स्वतःच सुपरऑक्साईड बनवू लागते. रक्तवाहिनी आवळलेली राहते, पांढऱ्या पेशी विनाकारण अस्तराला चिकटतात, मेद आत शिरतो. हृदयविकाराची सुरुवात छातीत कळ येण्याच्या कितीतरी वर्षे आधी अशी गुपचूप होते.

ओंजळ सांडवणारे कोण, हेही पुष्कळसे उमगले आहे. एक म्हणजे साखर. न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राउनली यांच्या गटाने २००० साली दाखवले की, अस्तराच्या पेशींना साखरेच्या जास्त प्रमाणात ठेवले की त्यांच्या ऊर्जाघरातून सुपरऑक्साईडचा लोंढा निघतो. मधुमेहात डोळे, मूत्रपिंड, पायाच्या रक्तवाहिन्या का बिघडतात, याचा हा एक मोठा धागा. दुसरा धूर. विडी-सिगारेटच्या एकेका झुरक्यात असंख्य फ्री रॅडिकल्स तयारच असतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉक्टरांनी १५ ते ३० वयाच्या अशा निरोगी मुलामुलींच्या दंडातील धमनी तपासली, ज्यांनी स्वतः कधीच सिगारेट ओढली नव्हती, फक्त दुसऱ्यांच्या धुरात राहिले होते. त्यांच्या अस्तराची धमनी सैल करण्याची ताकद कमी झालेली निघाली. उंबऱ्यावर बसून विडी ओढणाऱ्या चाचांना घरातील पोरांविषयी एवढे तरी सांगायला हवे.

आणि तिसरा, अँजिओटेन्सिन. रक्तदाब चढवणारा हा पदार्थ शरीरच बनवते. १९९४ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात कॅथी ग्रिएंडलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, अँजिओटेन्सिन रक्तवाहिनीच्या पेशींतील नॉक्सला चेतवतो आणि सुपरऑक्साईड वाढवतो. आमच्या खालांची ती छोटी गोळी शरीरात अँजिओटेन्सिन तयार होऊ न देणाऱ्यांपैकीच होती. "नुसता आकडा कमी होतो" म्हणणाऱ्या बाईंना हे कोणी सांगितले नसावे.

बाटलीतील जीवनसत्त्वे सुपरऑक्साईड शोषून घेतील, ही कल्पना मुळात वेडगळ नव्हती. मोठमोठ्या डॉक्टरांचाही तिच्यावर भरवसा होता, म्हणून तर ती हजारो माणसांवर तपासली गेली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के अधिक आढळला. ब्रिटनमध्ये २० हजारांवर लोकांना ई, सी आणि बीटा कॅरोटिन एकत्र दिले गेले. २००२ मध्ये निकाल आला, तेव्हा हृदयविकारात काही फरक नव्हता. जर्मनीत २००९ मध्ये तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. व्यायामाने शरीर इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागते, तसे ते दिले. पण ज्यांना सी आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांना तो फायदा मिळालाच नाही. व्यायामात तयार होणारा थोडासा क्रियाशील ऑक्सिजनच शरीराला "सुधार" असा निरोप देत होता, तो गोळ्यांनी पुसला. आवळा, पेरू, लिंबू, पालेभाजी यांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वांची ही गोष्ट नव्हे. ती शरीराला हवीतच.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत बोलकी वाटली ती 'होप' नावाची चाचणी. तिचे प्रमुख डॉ. सलीम यूसुफ. केरळात जन्मलेले, बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात काम करणारे. १९ देशांतील ५५ वर्षे व त्यावरील वयाचे, हृदयविकाराचा धोका असलेले ९ हजारांहून अधिक लोक त्यांनी घेतले. त्याच लोकांवर दोन परीक्षा एकदम चालवल्या. अर्ध्यांना ई जीवनसत्त्वाची रोज ४०० युनिट, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. आणि त्याच वेळी अर्ध्यांना रॅमिप्रिल हे अँजिओटेन्सिन रोखणारे औषध, अर्ध्यांना पोकळ गोळी. एकाच कढईत दोन्ही दावे तळले गेले म्हणा ना.

साडेचार-पाच वर्षांनी, जानेवारी २००० मध्ये आकडे छापले गेले. ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी १६.२ टक्के लोकांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांतून मृत्यू आला, न घेणाऱ्यांपैकी १५.५ टक्के. म्हणजे फायदा शून्य. रॅमिप्रिल घेणाऱ्यांत हेच प्रमाण १४ टक्के, न घेणाऱ्यांत १७.८. फरक इतका स्पष्ट होता की चाचणीचा हा भाग ठरल्या वेळेआधीच थांबवला गेला. रॅमिप्रिलने रक्तदाबही थोडा उतरतो, त्यामुळे सगळे श्रेय सुपरऑक्साईड घटल्याला देणे बरोबर होणार नाही. पण सांडलेले पुसत बसणारा आणि नळाची तोटी आवळणारा यांच्यात काय फरक पडतो, तो या दोन ओळींत दिसतो.

रॅमिप्रिल आणि त्याच्या जातीच्या गोळ्यांविषयी दोन गोष्टी घरातील बायकांना ठाऊक असाव्यात. काहींना त्यांनी कोरडा खोकला लागतो. तो कफाच्या औषधाने जात नाही. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगितले, तर त्याच कामाची दुसऱ्या जातीची गोळी मिळते. आणि गर्भवतीला या गोळ्या चालत नाहीत, बाळाला इजा होते. तेव्हा सुनेला किंवा मुलीला रक्तदाब निघाला म्हणून अम्मीच्या डब्यातली गोळी तिला देऊ नये. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या तरुण स्त्रीने दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हाच, आधी, डॉक्टरांकडून ती बदलून घ्यावी.